तांब्याचे तुटलेले सूत

विद्युत गिटारचा आवाज आज कोणाला अपरिचित राहिलेला नाही. १९७१ साली प्रदर्शित झालेल्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटाच्या गाण्यात भूपिंदरसिंग यांनी वाजविलेली गिटार ज्यांनी ऐकली असेल त्यांना, या वाद्याचा नाद साध्या गिटारच्या नादाहून किती निराळा असतो हे सांगावयास नको. साध्या गिटारमध्ये तारेचे कंपन पोकळ लाकडी पेटीला मिळते आणि पेटी व तीतील हवा तो आवाज मोठा करून बाहेर टाकतात. विद्युत गिटारला बहुधा अशी पेटी नसतेच. भरीव फळीवर पोलादाच्या सहा तारा ताणलेल्या असतात, त्यांच्या खाली एक लहानशी आडवी डबी बसविलेली असते, आणि तारांच्या कंपनाचे विजेत रूपांतर करण्याचे काम ती डबी करते. तिला पिकप म्हणतात. ध्वनिवर्धकातून जे काही ऐकू येते ते या डबीतून आलेले असते. ती मुकी झाली की वाद्य मुके झाले.

आणि ती मुकी होते. कधी अनेक वर्षांच्या वापरानंतर, कधी तारा बदलताना स्क्रूड्रायव्हर निसटल्यामुळे, तर कधी वरकरणी काहीच न घडता. गावातील एखाद्या वाद्यवृंदात वाजविणारा तरुण कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी वाद्य जोडून पाहतो, तो एका पिकपचा आवाज नाहीसा झालेला. तो जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि तेथे त्याला ठरलेले निदान ऐकावयास मिळते: 'कॉइल जळली. नवी टाका.' पंखे आणि पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या तोंडी हे निदान स्वाभाविक आहे, कारण त्याच्यापुढे येणारी वेटोळी खरोखरच जळलेली असतात. पिकपच्या बाबतीत मात्र ते लागू पडत नाही. पंख्याचे वेटोळे बाहेरून वीज घेते. पिकप बाहेरून वीज घेत नाही. तो स्वतः ती निर्माण करतो, आणि तीही इतकी अल्प की तिने काही जळावे हे संभवत नाही. मुका झालेला पिकप जळलेला नसतो, बहुधा तुटलेला असतो. आणि पुष्कळदा ती तूट अशा जागी असते की जेथे माणसाचा हात पोहोचू शकतो. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अर्ध्या तासात बरा होणारा पिकप फेकून दिला जातो.

पिकपचे तत्त्व जुने आहे. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलू लागले की त्या वेटोळ्यात विद्युतदाब उत्पन्न होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. विद्युतगृहातील प्रचंड जनित्रे याच तत्त्वावर फिरतात. पिकपमध्ये मध्यभागी लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतःही किंचित चुंबकित होते. ती कंप पावू लागली म्हणजे चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर डोलू लागते, आणि खालच्या वेढ्यांत त्याच लयीने कमीजास्त होणारा दाब उत्पन्न होतो. तार सेकंदास ११० वेळा हलली तर विजेची लाटही सेकंदास ११० वेळा उठते. पिकपवर नायलॉनची तार कितीही जोराने छेडली तरी तो मुकाच राहतो, याचे कारणही हेच.

या तत्त्वाचा गिटारसाठी यशस्वी उपयोग लॉस एंजेलिस येथील जॉर्ज बीचम यांनी १९३१ च्या सुमारास केला. नालाच्या आकाराचे दोन चुंबक त्यांनी तारांवर कमानीसारखे बसविले आणि मधे वेटोळे ठेवले. अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने ही गिटार १९३२ साली विक्रीस आली. वाटोळे अंग आणि लांब दांडा यांमुळे लोक तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, म्हणू लागले. बीचम यांना एकस्व मिळाले ते १९३७ साली. पुढे कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाहेर पडली, आणि मिशिगनमधील कॅलमझू येथील गिब्सन कारखान्यात सेथ लव्हर यांनी दोन वेटोळ्यांचा पिकप सिद्ध करून १९५५ साली त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. घरातील विजेच्या तारांमुळे एका वेटोळ्याच्या पिकपमध्ये जी सततची घरघर शिरते ती, दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडल्यामुळे, एकमेकींना छेद देऊन नाहीशी होते. म्हणून त्या पिकपला 'हंबकर' असे नाव पडले. आजही जगातील बहुसंख्य गिटारींवर या दोन घराण्यांतीलच पिकप दिसतात, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने त्यांचे स्वभाव थोडे वेगळे आहेत.

येथे एका शब्दाचा घोटाळा टाळणे इष्ट. वाजविण्याचीही तारच आणि वेढ्यांचीही तारच. म्हणून वाजविण्याच्या तारेला 'पोलादी तार' आणि वेढ्यांच्या तारेला 'सूत' म्हणणे सोयीचे होईल. नाव अन्वर्थकही आहे, कारण जाडीच्या दृष्टीने ती तार सुताहूनही बारीक असते. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकपमध्ये अमेरिकन मापाचे ४२ नंबरचे सूत वापरतात. त्याचा व्यास ०.०६३५ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाएवढा. असे चौदा-पंधरा धागे शेजारी शेजारी ठेवावेत तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरतो. अशा सुताचे सुमारे आठ हजार वेढे त्या डबीत असतात. ते उलगडले तर त्याची लांबी एक किलोमीटरहून अधिक भरते. सुतावर विद्युतरोधक लेप असतो. तो नसता तर शेजारचे वेढे एकमेकांना चिकटून सारे वेटोळे तांब्याचा एक गोळाच झाले असते.

इतके बारीक सूत का वापरावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. प्रत्येक वेढ्यात उत्पन्न होणारा दाब अगदी क्षुल्लक असतो. हजारो वेढ्यांतील दाबांची बेरीज होते तेव्हाच तो ध्वनिवर्धकाला पुरतो. शिवाय हे सारे वेढे पोलादी तारेच्या शक्य तितके जवळ असले पाहिजेत. लहान जागेत पुष्कळ वेढे बसवायचे तर सूत बारीकच हवे. मात्र या बारीकपणाची किंमत मोजावी लागते. सत्तर-ऐंशी ग्रॅमांचा भार पडला तरी ते तुटते, आणि एक किलोमीटरच्या या अखंड वाटेवर एका ठिकाणी जरी तूट पडली तरी विजेचा मार्ग खुंटतो.

आता ही तूट कोठे पडते ते पाहू. वेटोळ्याच्या पोटात दडलेले सूत सहसा तुटत नाही. चारही बाजूंनी ते शेजारच्या वेढ्यांनी आवळलेले असते, त्याला हलावयास जागा नसते. धोका असतो तो दोन टोकांना. जेथे हे केसासारखे सूत संपून बाहेर जाणाऱ्या जाड तारेला मिळते, तेथे एक नाजूक आणि एक दांडगा असे दोन सोबती एकत्र आलेले असतात. जाड तार ओढली गेली, वळली, की तिचा सारा हिसका सुताला बसतो. डाख देताना आम्ल असलेला द्रव वापरला असेल तर तो तांब्याला हळूहळू खातो आणि त्या जागी हिरवा कळंक धरतो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले असता जे होते तेच येथे होते. फरक इतकाच की भांडे कित्येक वर्षे टिकते आणि हे सूत टिकत नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील दमट, खारट हवेत आणि वादकाच्या हाताच्या घामाने या कामाला वेग येतो.

फेंडर पद्धतीच्या पिकपमध्ये आणखी एक दुखणे असते. त्यात सहा दंडगोल चुंबक फायबरच्या दोन पट्ट्यांत ठोकून बसविलेले असतात आणि सूत थेट त्या चुंबकांवरच गुंडाळलेले असते. मधे असतो तो फक्त लाखेचा पातळ थर. चुंबकांत लोखंड असल्यामुळे ते गंजतात आणि तो गंज अगदी आतल्या वेढ्यांवरील लेपाला लागतो. म्हणूनच अशा पिकपचे चुंबक वर-खाली सरकविण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. पुष्कळ उत्साही मंडळी एका तारेचा आवाज कमी येतो म्हणून त्याखालचा चुंबक अंगठ्याने दाबून वर सरकवितात आणि त्याबरोबर आतला वेढा कापून टाकतात. अशा रीतीने मेलेला पिकप बाहेरून पूर्ण निरोगी दिसतो. हंबकरमध्ये सूत प्लॅस्टिकच्या रिळावर असल्याने हे भय नाही. तेथे धोका असतो तो धातूचे झाकण उपटून काढताना.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पिकप खरोखरच तुटला आहे काय, याची खात्री करून घेणे अगत्याचे आहे. मुका झाला म्हणून आणलेल्या गिटारींपैकी पुष्कळांत दोष पिकपचा नसतोच. बाहेरची दोरी, तिचे भोक, निवडीचे बटण किंवा आवाज कमीजास्त करण्याची कळ यांपैकी काही तरी बिघडलेले असते. ध्वनिवर्धक चालू ठेवून पिकपच्या चुंबकावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने अगदी हळू टिचकी द्यावी. पिकप जिवंत असेल तर स्पष्ट 'टक' असा आवाज येतो. तुटलेल्या पिकपमधून कधी काहीच ऐकू येत नाही, तर कधी अतिशय किरटा, पोकळ आवाज येतो. वादक मग गोंधळतो: तार तुटली असेल तर आवाज येतो कसा? याचे उत्तर असे की, तुटीच्या अलीकडचे आणि पलीकडचे वेढे एकमेकांच्या अगदी जवळ असल्याने त्यांचा एक लहानसा विद्युतधारक बनतो. उंच स्वरांच्या जलद लाटा त्यातून पार होतात, खर्जाच्या संथ लाटा अडतात. म्हणून किरटा आवाज हा पिकप अर्धा जिवंत असल्याचे नव्हे, तर तुटल्याचे लक्षण समजावे.

खरा निर्णय मल्टीमीटर देतो. पिकपची एक तार मंडलापासून सोडवून दोन्ही टोकांमधील विद्युतरोध मोजावा. स्ट्रॅटोकास्टरचा पिकप साधारणतः साडेपाच ते साडेसहा हजार ओहम दाखवितो, हंबकर सात ते नऊ हजार. तुटलेला पिकप काहीच दाखवीत नाही. मापकाच्या पडद्यावर अनंताची खूण येते. तार न सोडविता मोजले तर फसगत होते, कारण आवाजाची कळ वेटोळ्याला समांतर जोडलेली असते आणि तुटलेल्या पिकपऐवजी तिचेच अडीच लाख किंवा पाच लाख ओहम मापक इमानाने दाखवितो. मोजताना दोन्ही टोके चिमटीत धरू नयेत, नाही तर माणसाच्या अंगाचा रोध मोजला जातो. आकडा थोडा कमीजास्त आला म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो; थंडीतील २० अंशांच्या सकाळी ६००० ओहम दाखविणारा पिकप मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत ६३५० च्या आसपास दाखवील. तो बिघडलेला नसतो.

हंबकरमध्ये दोन्ही वेटोळी एकामागून एक जोडलेली असल्याने एक तुटले की दोन्ही मुकी होतात. त्यांच्या मधला सांधा उघडून प्रत्येक वेटोळे वेगळे मोजले की दोषी कोण ते कळते. आदल्या संध्याकाळी अडलेल्या त्या तरुणाला येथे एक तात्पुरती सोय आहे. तुटलेल्या वेटोळ्याला वगळून चांगल्या वेटोळ्याच्या तारा सरळ बाहेर जोडल्या तर पिकप बोलू लागतो. आवाज थोडा पातळ होतो, घरघर परत येते, पण कार्यक्रम पार पडतो.

आता प्रत्यक्ष काम. खोलीतील पंखा प्रथम बंद करावा. या सुताला वाऱ्याची झुळूकही पुरे होते. टेबलावर पांढरा कागद पसरावा म्हणजे तांबूस धागा नजरेला सापडतो. घड्याळजी वापरतात तसले भिंग आणि चांगला दिवा हवा. चिमटा पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा असावा, पोलादाचा असू नये, कारण पिकपमधला चुंबक पोलादी हत्याराला खेचून घेतो आणि त्याचे टोक वेढ्यांत रुतते. डाख देण्याच्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकालाही लोखंडाचा मुलामा असतो, तेव्हा तोही हातातून ओढला जातो, याची जाणीव ठेवूनच हात पुढे करावा. दुरुस्तीला आणलेला पिकप दुरुस्त करतानाच कायमचा जातो, तो बहुधा याच कारणाने.

वेटोळ्यावरील पट्टी हलकेच सोडवावी. टेलिकास्टरच्या मागच्या पिकपवर पट्टीऐवजी मेणात बुडविलेला सुती दोरा गुंडाळलेला असतो. तो जपून ठेवावा, पुन्हा वापरता येतो. पट्टी चिवट असेल तर केस वाळविण्याच्या यंत्राने थोडी ऊब द्यावी. मग सुताचे बाहेरचे टोक शोधावे. बरेचदा ते जाड तारेच्या सांध्यापासून तुटून वेटोळ्याच्या अंगाला चिकटून बसलेले दिसते. टोक सापडले की एक-दोन वेढे उलगडून पाच-सहा सेंटिमीटर सूत मोकळे करावे आणि त्याच्या शेवटच्या भागावरील लेप काढावा. लेप दोन जातींचे असतात. नव्या काळातील पॉलियुरेथेनचा लेप तापलेल्या डाखाच्या थेंबात वितळून जातो. जुन्या पिकपवरील साधे इनॅमल किंवा फॉर्मव्हार वितळत नाही. तेथे सर्वांत बारीक पॉलिशपेपरचा तुकडा दुमडून त्यात सूत धरावे आणि वजन न देता तीन-चार वेळा ओढावे. सुताचा गडद रंग जाऊन गुलाबी तांबे दिसू लागले की पुरे.

आता मापकाचे एक टोक या उघड्या तांब्याला आणि दुसरे आतून येणाऱ्या जाड तारेला लावावे. येथे या कामातील उत्कंठेचा क्षण येतो. पाच-सहा हजारांचा आकडा उमटला तर वेटोळे शाबूत आहे आणि तूट फक्त टोकाला होती. पुढचे काम मग सोपे. त्याच जाडीचा किंवा किंचित जाड सुताचा एक तुकडा घेऊन, त्याचेही टोक उघडे करून, दोन्ही टोके सेंटिमीटरभर एकमेकांवर ठेवावीत आणि हलकेच पीळ द्यावा. इचलकरंजीचा विणकर मागावरील तुटलेला धागा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाठ मारून सांधतो. येथे गाठ उपयोगी नाही. गाठीत लेप लेपाला चिकटतो, तांबे तांब्याला भेटत नाही, आणि शिवाय गाठ आवळताना सूत तुटते ते वेगळेच. पिळावर राळ असलेल्या डाखाचा एवढासा थेंब टेकवावा. राळेखेरीज दुसरा कोणताही द्रव वापरू नये. सांध्याच्या खाली आणि वर पातळ पट्टीचा तुकडा ठेवून तो दाबून बसवावा, आणि नव्या सुताचे दुसरे टोक खालच्या पट्टीवरील पितळी डोळ्यात डाखून टाकावे. सूत ताणून जोडू नये. थोडा ढिलेपणा ठेवला तरच पुढचा हिसका ते सोसू शकते.

मापकाने काहीच दाखविले नाही तर तूट अधिक आत आहे. भिंगाखाली बाहेरचे वेढे पाहावेत. स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा किंवा कळंकाचा हिरवा ठिपका असेल तर तो दिसतो. ओरखड्याखाली एक नव्हे, दहा-पंधरा वेढे कापलेले असू शकतात; ते तुकडे एकेक करून काढून टाकावेत आणि पहिला अखंड धागा हाती लागला की पुन्हा मोजावे. आठ हजारांपैकी दोनशे वेढे गेले तर ते शेकडा अडीच झाले. तेवढ्याने आवाजात पडणारा फरक चांगल्या कानालाही सहसा कळत नाही. म्हणून वेढे गमावण्याची भीती बाळगू नये. भीती बाळगायची ती घाईची.

आतले टोक तुटले असेल तर मात्र प्रकरण कठीण होते, कारण पहिला वेढा उरलेल्या साऱ्या वेढ्यांखाली गाडलेला असतो. तरीही निराश होण्यापूर्वी एक प्रयत्न करून पाहावा. आतले सूत वेटोळ्यातून निघून खालच्या पट्टीवरील डोळ्याकडे जाते त्या वाटेवर, पट्टी आणि वेटोळे यांच्या फटीत, कधी कधी एक-दोन मिलिमीटरचा खुंट शिल्लक असतो. फायबरच्या पट्टीला त्या जागी बारीक खाच पाडली तर तो सुईने उचलता येतो. तो तेथेच उघडा करून त्यावर नवे सूत डाखणे ही या विद्येतील सर्वांत अवघड कसरत. ती जमली तर पिकपमधला मूळचा एकही वेढा हलविल्यावाचून तो बरा होतो.

हे जमले नाही, किंवा गंज आतपर्यंत पोहोचला असेल, तर सारे सूत कापून नवे गुंडाळण्यावाचून गत्यंतर नाही. अमेरिकेतील सेमूर डंकन यांनी पोरवयात आपला बिघडलेला पिकप ग्रामोफोनच्या फिरत्या चकतीवर पुन्हा गुंडाळला. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या चकतीवर आठ हजार वेढे द्यावयाचे तर बरोबर चार तास लागतात, आणि त्या चार तासांत बोटांच्या चिमटीतून सरकणारे सूत एकदाही तुटता कामा नये. पुढे १९७६ साली त्यांनी सांता बार्बरा येथे पिकपचा कारखाना काढला.

नवे वेढे घालण्यापूर्वी जुने कोणत्या दिशेने होते आणि चुंबकाचे कोणते टोक वर होते, हे होकायंत्राच्या साहाय्याने लिहून ठेवावे. हे चुकले तर तो पिकप दुसऱ्याबरोबर वाजविताना आवाज भरण्याऐवजी पोकळ होतो. आपल्याकडे आणखी एक चूक हमखास होते. अमेरिकन पुस्तकात '४२ नंबर' असे वाचून गिऱ्हाईक वाइंडिंगची तार विकणाऱ्या दुकानात जातो आणि ४२ नंबरची तार मागतो. आपल्याकडील दुकानांत मात्र बहुधा ब्रिटिश माप चालते, आणि त्या मापाची ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटरची, म्हणजे दीडपटीहून जाड असते. तिचे आठ हजार वेढे त्या डबीत मावणे अशक्य. तीन-साडेतीन हजारांतच डबी भरते आणि पिकप दुबळा निघतो. हव्या त्या जाडीच्या सर्वांत जवळचा ब्रिटिश नंबर ४६ आहे. नंबर न सांगता मिलिमीटरमध्ये जाडी सांगितली तर हा घोटाळा मुळातच टळतो. पंख्याची वेटोळी भरणाऱ्या कारागिराकडे फेरे मोजणारे यंत्र असते हे खरे, पण त्याचा हात तिप्पट जाडीच्या तारेला सरावलेला असतो. त्याने ताण अगदी हलका ठेवण्याचे मान्य केले तरच त्याच्याकडे हे काम सोपवावे.

जुन्या सुताला इतके जपावे तरी कशासाठी, नवे भरले की झाले, असे कोणी म्हणेल. यात अर्धे तथ्य आहे. तांबे ते तांबेच. १९५७ चे असो की आजचे. जुन्या पिकपच्या आवाजाविषयी संग्राहकांमध्ये ज्या आख्यायिका चालतात त्यांत भाविकपणाचा भाग बराच आहे. पण मूळ वेढण पुन्हा जशीच्या तशी उतरविता येत नाही, हेही तितकेच खरे. फुलर्टनच्या कारखान्यात सूत हाताने धरून वेढले जाई. अॅबिगेल इबारा या १९५६ साली तेथे लागलेल्या कारागीर बाई पुढे कित्येक दशके हेच काम करीत होत्या आणि त्यांच्या हातच्या पिकपना वादक नावानिशी मागणी करीत. हाताने वेढलेले सूत यंत्रासारखे थरावर थर बसत नाही, थोडे विस्कळीत बसते. त्यामुळे वेढ्यांमधील विद्युतधारकता बदलते आणि तिच्याबरोबर उंच स्वरांचा रंगही. गिब्सनच्या जुन्या हंबकरमध्ये तर रीळ भरले की यंत्र थांबवावयाचे असा प्रकार होता. त्यामुळे एकाच काळातील दोन हंबकर मोजले तर एक सात हजार ओहम आणि दुसरा नऊ हजार निघावा, हे तेथे नेहमीचे होते. अशी वेढण कापून टाकल्यावर ती कशी होती हे कोणत्याही वहीत लिहिलेले सापडत नाही. कात्री उचलण्यापूर्वी भिंगाखाली आणखी एक तास घालवावा, तो यासाठी.

दुरुस्त झालेले वेटोळे मेणात मुरविण्याची चाल आहे. पॅराफिनमध्ये थोडे मधमाश्यांचे मेण मिसळून, ते पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ६०-६५ अंशांपर्यंत तापवितात आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिकप त्यात ठेवतात. वेढे त्यामुळे घट्ट बसतात आणि मोठ्या आवाजात पिकप शिट्टी मारीत नाही. मेण विस्तवावर थेट ठेवू नये, ते पेट घेते. १९५० नंतरच्या दशकातील जुन्या गिब्सन पिकपची रिळे उष्णतेने वाकडी होणाऱ्या प्लॅस्टिकची असल्यामुळे त्यांना मेण न देणेच श्रेयस्कर.

पिकप परत बसविण्यापूर्वी रोध शेवटचा एकदा मोजावा. तो आकडा, तारीख आणि तूट कोणत्या टोकाला सापडली एवढे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी गिटारच्या पुढच्या पट्टीखाली ठेवून द्यावी. पुढे कधी दुसऱ्या कारागिराने ते वाद्य उघडले तर त्याचा निम्मा वेळ वाचतो.